जीर्णवस्त्रदान : गोधडी, कंथा आणि पोथीचे बासन

नीरेच्या खोऱ्यातील एका गावी जुन्या पोथ्या असल्याचे कळल्यावरून आम्ही काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो. घर जोश्यांचे, वृत्ती केव्हाच संपलेली, मंडळी पुण्या-मुंबईस पांगलेली, आणि वाड्यात एक वृद्ध आजीबाई तेवढ्या राहिलेल्या. त्यांनी माळ्यावरून एक लाकडी पेटी काढविली. तीत श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’ची एक सुवाच्य प्रत, काही स्तोत्रे आणि पंचांगांची सुटी पाने निघाली. पोथीच्या अखेरीस लेखकाचे नाव, शक, तिथी, सर्व काही स्वच्छ होते. मागावी की न मागावी या संकोचात आम्ही असता आजीबाई आपण होऊनच म्हणाल्या, ‘न्या हो, इथं वाळवीच्या तोंडी जायची.’ परंतु पोथी बासनासकट आमच्या पिशवीत जाऊ लागली तेव्हा त्यांनी हात धरला. ‘पोथी न्या. बासन ठेवा. ते सासूबाईंच्या हातचं आहे.’

तोवर त्या बासनाकडे आम्ही पाहिलेही नव्हते. ती एक लहानशी गोधडीच होती. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून त्यांवर धावदोरा भरलेला, आणि एका कोपऱ्यास बांधावयाची नाडी. श्रावणात देवळात पोथी लागे. समाप्तीच्या दिवशी ग्रंथास वस्त्र द्यावयाचे म्हणून सासूबाईंनी ते शिवावयास घेतले, ते पुरे होण्यापूर्वीच त्या वारल्या, आणि राहिलेले शिवण सुनेने पुरे करून पुढील श्रावणात ते पोथीस वाहिले, अशी त्याची हकीकत होती. ज्या वस्तूचा कर्ता ठाऊक, हेतू ठाऊक, दानाचा प्रसंग ठाऊक, ती वस्तू आम्ही पोथीवरील फडके समजून चाललो होतो. हस्तलिखितांच्या संग्राहकांत हा दोष एकट्या आमचाच नसावा. किती बासने आपण झटकून टाकून दिली याचा ज्याने त्याने आपापल्या मनाशी हिशेब करावा.

या निमित्ताने गोधडीविषयी जी माहिती जुळविता आली ती येथे देत आहो.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘गोधडी’ व ‘वाकळ’ हे दोन्ही शब्द आहेत, आणि दोहोंचा अर्थ जुन्या चिंध्या एकत्र शिवून केलेले पांघरूण अथवा अंथरूण असाच आहे. ‘वाकळ’ हा शब्द ‘वल्कला’शी जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो, तसे असल्यास झाडाच्या सालीवरून फाटक्या लुगड्यापर्यंतचा त्याचा प्रवास मौजेचा म्हटला पाहिजे. संस्कृतात यास ‘कन्था’ म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती आहे, शंकराचार्यांच्या नावावर चालणाऱ्या ‘चर्पटपंजरिके’त आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती विरक्ताच्या अंगावर आहे. येथे एक सावधगिरीची सूचना. कंथेचे प्राचीनत्व सांगताना कोणी कोणी पाणिनीचा आधार देतात. पाणिनीच्या सूत्रांत (२.४.२० व ४.२.१०२) ‘कन्था’ शब्द येतो हे खरे, परंतु तेथे तो गावांच्या नावांच्या प्रकरणात येतो. त्यास पांघरुणाच्या पक्षी साक्षीदार म्हणून उभा करणे योग्य नाही.

कोशात शब्द आहेत, काव्यात दृष्टान्त आहेत. मग दफ्तरात गोधडी का नाही? घरगुती जमाखर्चाचे जे कागद आमच्या पाहण्यात आले त्यांत पासोडी, दुलई, रजई, लेप, पलंगपोस यांच्या नोंदी सापडतात. कापूस पिंजल्याबद्दल पिंजाऱ्याची मजुरीही सापडते. गोधडी सापडत नाही. याचे एक कारण उघड आहे. जिला दाम पडत नाही ती वस्तू जमाखर्चात येत नाही. कापड घरचे, दोरा त्याच कापडाच्या काठाचा काढलेला, शिवणारीचा वेळ दुपारचा, आणि त्या वेळेस किंमत कोणी लावलेली नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे असे आम्हास वाटते. जे विकत घेतले जात नाही ते निदान दान म्हणून तरी नोंदले जावयास हवे होते. आपल्याकडे दानाची नोंद करण्यात हयगय नव्हती. यादवांचा करणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिन्तामणी’ रचला, त्याचा एक संपूर्ण खंड दानावर आहे. शय्यादान हे तर प्रसिद्धच असून त्यात पलंग, गादी, उशी, पांघरूण, सर्व काही येते. परंतु धार्मिक कृत्यात चालणारे वस्त्र ‘अहत’ असावे लागते. म्हणजे नवे, दशांसह असलेले, कोणाच्याही अंगास न लागलेले. गोधडी याच्या बरोबर विरुद्ध आहे. ती अंगास लागलेल्या वस्त्राचीच होते, आणि तिचे सारे मोल त्यातच आहे. येणेप्रमाणे शास्त्राच्या दृष्टीने गोधडी देणे हे दानच ठरत नाही. तिला संकल्प नाही, उदक नाही, म्हणून दानपत्रही नाही. बाजाराने तिला वगळले आणि धर्मशास्त्रानेही वगळले. मग कागद उरावा कोठून?

जीर्ण वस्त्रास धर्माच्या दरबारी मानाची जागा मिळाली ती बौद्ध संघात, आणि या विषयाचा लिखित पुरावा पाहावयाचा तर आपल्याला तिकडेच वळले पाहिजे. भिक्षूने उकिरड्यावरील, स्मशानातील चिंध्या वेचून त्यांचे चीवर करावे, त्यास ‘पांसुकूल’ म्हणत. पुढे उपासकांकडून नवे वस्त्र घेण्याची मोकळीक झाली. तरी ते अखंड नेसावयाचे नाही, कापून तुकडे करून पुनः जोडावयाचे, असा नियम राहिला. विनयपिटकातील महावग्गात याची कथा आहे. मगधातील बांधबंदिस्ती केलेली शेते पाहून बुद्धाने आनंदास विचारले की, अशा बेताचे चीवर तुला करता येईल काय? आनंदाने ते करून दाखविले. त्या प्रकरणात चिवराच्या लहानमोठ्या पट्ट्यांची, उभ्याआडव्या जोडांची पारिभाषिक नावे दिली आहेत; चुल्लवग्गात सुईचे घर, बोटास घालावयाचे टोपण, कापड ताणावयाची चौकट यांचेही नियम आहेत. शिवणकामाचे इतके बारीक वर्णन इतक्या जुन्या ग्रंथात क्वचितच आढळेल. कापलेल्या वस्त्राचा चोरास उपयोग नाही, हेही कारण तेथे सांगितले आहे. वर्षावास संपल्यावर जो ‘कठिन’ विधी होतो त्यात उपासकांनी कापड द्यावयाचे आणि संघाने ते त्याच दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे, अशी अट आहे. अर्धवट राहिले तर विधी साधला नाही. देणे आणि पुरे करणे यांची अशी गाठ दुसरीकडे आमच्या पाहण्यात नाही.

आणि याचा हिशेब आपल्या दारीच कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. हे वर्ष शक धरल्यास इ.स. १२० होते. त्याने लेणे संघास दिले आणि त्याजबरोबर ३००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेण्यांत ठेविली. २००० एका श्रेणीत दरमहा दरशेकडा एक प्रतिक व्याजाने, १००० दुसरीत पाऊण प्रतिक व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरिक द्यावे असे लेखात स्पष्ट आहे. वाचकांनी गणित करून पाहावे : दोन हजारांवर महिन्यास वीस, वर्षास दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंस बारा-बाराप्रमाणे तेवढेच. कवडीचा फरक नाही. ही गोष्ट निगमसभेत ऐकविली, रिवाजाप्रमाणे फलकावर चढविली, हेही नमूद आहे. वस्त्रासाठी केलेल्या दानाची इतकी काटेकोर नोंद असून सुई धरणारा हात मात्र येथेही नाही. पैसा देणाऱ्याचे नाव पर्वतावर राहिले. वस्त्र शिवणाऱ्याचे राहिले नाही.

अशा वस्त्राची यादी वेळीच केली तर काय होते याचे उदाहरण जपानात आहे. इ.स. ७५६ मध्ये सम्राट शोमू याच्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या वापरातील वस्तू नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्धास अर्पण केल्या व सोबत तपशीलवार यादी दिली. त्या यादीच्या आरंभी आरसे, तरवारी, वाद्ये यांच्याही आधी नऊ ‘केसा’ आहेत. केसा म्हणजे आपले काषाय, भिक्षूचे चीवर. त्यांतील एकात वेड्यावाकड्या आकाराचे रेशमी तुकडे, झाडाच्या सालीवरील रेषांसारखे दिसतील असे, एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने भरले आहेत. आपल्याकडील कोणतीही शिवणारी बाई ते पाहून ‘ही तर गोधडीच’ असे म्हणेल. यादी व वस्त्रे दोन्ही शोसोइन भांडारात राहिली, म्हणून बाराशे वर्षांनंतर आज दाता, प्रसंग व सन नि:संशय सांगता येतात.

याच्या उलट उदाहरण तुन्-हुआङ्चे. १९०७ मध्ये ऑरेल स्टाईन याने तेथील बंद कोठडीतून हजारो हस्तलिखिते नेली ही कथा आपल्या वाचकांस ठाऊक आहे. त्याच कोठडीत, त्याच पोथ्यांच्या सान्निध्यात, भक्तांनी दिलेल्या रेशमी तुकड्यांचे ठिगळकामही होते. त्यांतील आठव्या-नवव्या शतकाचे एक चीवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तुकडा कोणी दिला, शिवले कोणी, हे सांगणारा कागद त्याजबरोबर नाही. पोथी आणि ठिगळाचे वस्त्र एकाच भिंतीआड नऊशे वर्षे राहिली; विद्वानांचे लक्ष मात्र फार काळ पोथीकडेच होते.

आता घराकडे वळू. गोधडी शिवण्याची आपल्याकडील रीत सर्वांच्या पाहण्यातील असली तरी लिहून ठेवलेली थोडी. पावसाळा सरला, सुगीची गडबड ओसरली की बायका या कामास बसत. जुनी सुती लुगडी, धोतरे धुऊन, ऊन देऊन, भुईवर पदरावर पदर अंथरावयाचे; सुरकुती राहू नये म्हणून कडेस पाटे-वरवंटे, पितळी तांबे ठेवावयाचे; मग कडेपासून आरंभ करून आत आत टाके घालीत जावयाचे. मऊ, फार धुतलेले वस्त्र आतल्या अंगास, धड असलेले वर. पदर किती घालावयाचे हे थंडीवर आणि घरातील लुगड्यांवर अवलंबून. ही मजुरी नव्हती. चार जणी जमत, गप्पा होत, जात्यावरच्या ओव्या सुईवर येत. हौस हा शब्द येथे यथार्थ आहे, कारण पांघरुणाची गरज साध्या टाक्यांनीही भागते; रंगसंगतीसाठी ठिगळ दोनदा उसविणारी बाई गरजेपोटी उसवीत नसते.

आणि ही हौस प्रायः दुसऱ्यासाठी असे. बाळंतविडा हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. अंगडे, टोपरे, दुपटी आणि लहान गोधडी यांचा हा आहेर आजी, मावशी, आत्या यांच्या हातून येतो. तान्ह्यास नवे कोरे कापड बोचते म्हणून जुनेच घालावयाचे, हा तर घरोघरचा दंडक. अहत वस्त्राचा नियम येथे पार उलटा होतो. पणजीचे लुगडे पणतवंडाखाली येते, आणि हे देणे कोणत्याही दानखंडात नसूनही त्यात खंड पडत नाही. मृत माणसाच्या वस्त्राची गोधडी मुलांनी पांघरावी हेही पुष्कळ घरी चालते. शास्त्री मंडळींनी यास दान म्हटले नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणारे सिद्दी लोक मूळचे आफ्रिकेतील. त्यांच्या बोलीत कोंकणी-मराठीचा भरणा मोठा. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. तीही कोपऱ्यापासून आरंभून फेर घेत मध्यावर संपते. तिच्या चारही कोपऱ्यांस कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुला’ लावतात, आणि ती नसली तर कवंदी उघडीनागडी राहिली असे समजतात. उबेच्या दृष्टीने या फुलांचा काडीचाही उपयोग नाही. वस्तू पुरी झाली कधी म्हणावयाची याविषयी करणारीचे काही निश्चित मत असते, एवढे त्यावरून दिसते. हेन्री ड्रूअल या अमेरिकन पंडिताने या कामाचा अभ्यास करून २००४ मध्ये तेथील बायकांची सहकारी संस्था उभारण्यास हात दिला. ही दृष्टी आपल्यापैकी कोणास आधी झाली असती तर बरे वाटले असते.

बंगालने या बाबतीत आपल्याला मागे टाकले आहे. तेथील कांथा मध्ये कमळ, कोपऱ्यांत वृक्ष, आणि मधल्या जागेत हत्ती, नावा, पालख्या, क्वचित रेलगाडी अशी चितारलेली असते. तिचे प्रकारही नेमलेले : थंडीचा लेप, समारंभाची सुजनी, आरसा-फणी गुंडाळावयाची आरशीलता, आणि ग्रंथ व मौल्यवान वस्तू बांधावयाचे बैतन. हे बैतन म्हणजेच आमच्या आजीबाईंचे बासन. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी सरकारी नोकरीत खेडोपाडी फिरताना कांथा जमविल्या. त्यांत मानदासुंदरी दासी नावाच्या बाईने आपल्या वडिलांसाठी शिवलेली एक असून तिने आपले नाव व अर्पण टाक्यांनीच त्यात लिहिले आहे. बाईने स्वतःच्या सुईने लिहिलेले दानपत्रच ते; उषवदाताच्या लेखात जो हात आपल्याला सापडला नाही तो येथे सापडतो. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर स्वतंत्र निबंध लिहिला. जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य त्याआधीचे, १९२९ चे. त्यात नायिका आपली कांथा आपल्याच कबरीवर अंथरावयास सांगते.

बंगालच्याच वाङ्मयातील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कृष्णदास कविराजाच्या ‘चैतन्यचरितामृता’त सनातन गोस्वामी दरबारची नोकरी सोडून काशीस चैतन्यांस भेटतो तेव्हा त्याच्या अंगावर मेहुण्याने दिलेली उंची भोटकांबळ असते. चैतन्य बोलत काही नाहीत, कांबळीकडे पुनःपुन्हा पाहतात. सनातन उमजतो, गंगेच्या घाटावर एक बंगाली बैरागी आपली कंथा धुऊन वाळवीत असतो, त्याजकडे जाऊन कांबळ देतो व कंथा मागून घेतो. बैराग्यास प्रथम ही थट्टाच वाटते. कंथेच्या किमतीचा उल्लेख जुन्या वाङ्मयात शोधणाऱ्यास याहून चांगला आधार मिळावयाचा नाही.

आपल्या बाजूस असे लिहिलेले वस्त्र अगदीच नाही असे नाही. आंबेजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे; सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद जाड वस्त्र, आणि त्यावर ‘पंचीकरण’ लिहिलेले. पांघरावयाच्या वस्त्रासच येथे पोथी केले आहे. परंतु ती थोर पुरुषाची, म्हणून राहिली. जोश्यांच्या सासूबाईंची राहील कशी?

राहावयाची असेल तर प्रथम ती वाचता आली पाहिजे, आणि वाचण्याची साधने संशोधकाजवळ आहेतच. जुनी गोधडी विरली की टाकीत नाहीत, वर नवा पदर घालून पुनः शिवतात. त्यामुळे तिची रचना पांढरीच्या टेकाडासारखी होते. वर अलीकडचे, खाली जुने. एखाद्या पदरात कृत्रिम जांभळा रंग निघाला तर तो पदर १८५६ च्या आधीचा असू शकत नाही, कारण तो रंग पर्किनने त्या वर्षी शोधिला. मुंबईची पहिली सूतगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. गिरणीच्या सुताचा व हातसुताचा फरक साध्या भिंगाखालीही दिसतो. कापडावर गिरणीचा छाप उरला असेल तर उत्तमच. टाक्यांचे म्हणाल तर मोडीचे वळण ओळखणाऱ्यास त्यात कठीण काही नाही. टाक्याची लांबी, दोन ओळींतील अंतर, दोरा संपला असता गाठ कोठे लपविली, यावरून हात ओळखता येतो. उसवून पाहण्याची घाई मात्र कोणी करू नये. कडेचा टाका सुटलेला असतोच. तेथून आतले पदर मोजता येतात. अमेरिकेत केंटकी प्रांती १९८१ पासून लोकांनी घरच्या गोधड्या नेमल्या दिवशी आणावयाच्या, त्यांची मापे, छायाचित्रे व हकीकत टिपून घ्यावयाची आणि वस्तू परत द्यावयाची, अशी पद्धत पडली. वस्तू घरातच राहते, नोंद तेवढी संस्थेकडे येते. सुती लुगडी घरांतून गेली, त्यांच्या जागी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. जुन्या कापडाच्या ज्या गोधड्या आहेत त्या आहेत तेवढ्याच.

असो. पुढील वर्षी आम्ही पुनः त्या गावी गेलो, या वेळी गजपट्टी व भिंग घेऊन. आजीबाईंनी बासन पुढे केले व आम्ही मोजीत असता जवळ बसून राहिल्या. पोथी आमच्या संग्रहात दाखल झाली तेव्हा वहीत बासनासाठी रकाना नव्हता. म्हणून ‘शेरा’ या सदराखाली पुढील नोंद केली : ‘बासन मूळ घरी. लांबी दीड हात, रुंदी सव्वा हात. पदर पाच, वरील दोन गिरणीच्या सुताचे, आतील तीन हातसुताचे, पैकी एक चंद्रकळेचा. टाके दोन हातचे. पहिला हात बारीक, कडेपासून सात फेर. दुसरा किंचित लांब, आठव्या फेरापासून मध्यापर्यंत. दुसऱ्या हाताने जेथे आरंभ केला तेथे गाठ वरच्या अंगास ठेविली आहे. विचारता, मुद्दाम ठेविली असे सांगितले.’